जमीन सरकते आहे



या व्यासपीठावरून मोठमोठे प्राध्यापक, वकील, डॉक्टर आजवर बोलून गेले आहेत. चालकांनी मला आमंत्रण दिले, तेव्हा हा गृहस्थ महागाईभत्त्यावर किंवा कंत्राटी कामगारांच्या प्रश्नावर बोलेल अशी त्यांची समजूत असावी. 'पृथ्वीवरील खंडे कशी सरकतात' हा विषय मी कळवला, तेव्हा चिटणीसांनी तो दोनदा विचारून घेतला. त्यांचे काही चुकले नाही. माझी शाळा आठवीत सुटली. पुढचे जे काही शिक्षण झाले ते सूतगिरणीतल्या रात्रपाळीनंतर सार्वजनिक वाचनालयाच्या बाकावर झाले. तेव्हा भूगर्भशास्त्राशी माझा संबंध काय, हे आधी सांगितले पाहिजे.

१९९३ साली मी तेवीस वर्षांचा होतो. त्या वर्षी अनंत चतुर्दशीला गणपती बोळवून लोक निजले आणि ३० सप्टेंबरच्या पहाटे, चारला चार मिनिटे कमी असताना, लातूर-उस्मानाबाद भागात किल्लारीचा भूकंप झाला. जवळजवळ दहा हजार माणसे गेली. आमच्या संघटनेची एक तुकडी मदतीला गेली, तिच्यात मी होतो. ढिगारे उपसण्याचे काम होते. तिसऱ्या-चौथ्या दिवशी दगडाच्या राशीवर बसलेल्या एका म्हातारीला मी पाणी दिले. ती पाणी प्यायली आणि म्हणाली, "लेकरा, भुई कशानं हलली रं?" मला उत्तर देता आले नाही. 'देवाची मर्जी' असे म्हणणे माझ्या स्वभावात नव्हते, आणि दुसरे काही मला ठाऊक नव्हते. मी नुसता उभा राहिलो. त्या प्रश्नाने मला वाचनालयात नेले. आज मी जे सांगणार आहे ते त्या म्हातारीला द्यायचे राहून गेलेले उत्तर आहे, असे समजा.

मुख्य विषयाकडे वळण्यापूर्वी आमच्या धंद्यातली एक गोष्ट सांगतो. तिचा पुढे उपयोग होईल. एका कारखान्यात विणकाम खात्याच्या भिंतीला भेग पडली होती. कामगार म्हणत, "भेग वाढते आहे." व्यवस्थापक म्हणत, "कशाने वाढते ते सांगा." कामगार म्हणाले, "नवे माग बसवले, त्यांच्या हादऱ्याने." व्यवस्थापकांनी इंजिनियर आणला. त्याने गणित करून दाखवले की, एवढ्या हादऱ्याने एवढी जाड भिंत हलणे शक्य नाही. झाले, तक्रार निकालात निघाली. मग एका म्हाताऱ्या गवंड्याने काय केले? भेगेच्या दोन्ही काठांवर चुना लावून त्याने काचेची एक पट्टी आडवी चिकटवली. तो म्हणाला, "भांडू नका. भिंत हलत नसेल तर काच तशीच राहील." दुसऱ्या महिन्यात काच तडकली. पाया उकरून पाहिला, तेव्हा खालून गेलेल्या मोरीचा नळ फुटलेला सापडला. पाणी मुरून काळी माती कधी फुगत होती, कधी बसत होती. म्हणजे कामगारांची तक्रार खरी होती, पण त्यांनी सांगितलेले कारण चुकीचे होते. आणि इंजिनियरचे गणित बरोबर होते, पण त्याचा निकाल चुकीचा होता. खंडे सरकण्याच्या वादात शहाण्यासुरत्या माणसांचे पन्नास वर्षे हेच झाले.

आता जगाचा नकाशा डोळ्यांपुढे आणा. दक्षिण अमेरिकेचा पूर्वेकडचा फुगवटा आणि आफ्रिकेच्या पश्चिम किनाऱ्याची खोबण एकमेकींत बसतील अशा दिसतात. भाकरी मोडून दोन तुकडे दूर ठेवावेत तशी ती खंडे दिसतात. ही गोष्ट ऑर्टेलियस नावाच्या नकाशाकाराने १५९६ सालीच नमूद केली होती. परंतु दिसणे वेगळे आणि सिद्ध होणे वेगळे. त्या दिसण्याला पुराव्याचा भक्कम आधार प्रथम दिला तो आल्फ्रेड वेगेनर या जर्मन गृहस्थाने. वेगेनर भूगर्भशास्त्रज्ञ नव्हता हे ध्यानात ठेवा. त्याने पदवी घेतली खगोलशास्त्रात, आणि त्याचा व्यवसाय होता हवामानशास्त्राचा. ६ जानेवारी १९१२ रोजी फ्रँकफुर्ट येथे भूगर्भशास्त्रज्ञांच्या सभेत त्याने आपली कल्पना मांडली. पुढे पहिल्या महायुद्धात तो जखमी झाला, आणि त्या सक्तीच्या विश्रांतीत त्याने लिहिलेले पुस्तक १९१५ साली प्रसिद्ध झाले. त्याचे म्हणणे असे की, एके काळी सर्व खंडे मिळून एकच भूमी होती. ती फुटली आणि तिचे तुकडे दूर सरकत गेले. या मताला मराठीत 'खंडविप्लव' असा भारदस्त शब्द आहे. आपण आज 'सरकणे' म्हणू.

त्याचा पुरावा काय होता? पहिला पुरावा प्राण्यांचा. मेसोसॉरस नावाचा, पाण्यात राहणारा सरड्यासारखा एक लहान प्राणी होता. त्याचे दगड झालेले सांगाडे, म्हणजे जीवाश्म, ब्राझील आणि दक्षिण आफ्रिका या भागांतच सापडतात. एवढासा जीव अटलांटिक महासागर पोहून गेला असेल हे पटणे कठीण. दुसरा पुरावा वनस्पतींचा. ग्लॉसोप्टेरिस नावाची, जिभेच्या आकाराच्या पानांची एक वनस्पती दक्षिण अमेरिका, आफ्रिका, ऑस्ट्रेलिया आणि आपला भारत या सर्व ठिकाणच्या खडकांत सापडते. आपल्या विदर्भात वर्धा खोऱ्यातून जो कोळसा निघतो, तो याच वनस्पतीच्या काळातला आहे. या जुन्या खडकांना 'गोंडवन' हे नाव भारतात काम करणाऱ्या भूगर्भशास्त्रज्ञांनी मध्य भारतातील गोंडांच्या मुलुखावरून दिले, आणि एडुआर्ड झ्यूस या ऑस्ट्रियन शास्त्रज्ञाने तेच नाव दक्षिणेकडील साऱ्या प्राचीन भूमीला दिले. म्हणजे जगातील पाठ्यपुस्तकांत आज जो गोंडवन शब्द आहे, तो आपल्या शेजारच्या रानातून गेलेला आहे.

या पानाची एक हृदयद्रावक हकीकत आहे. वेगेनरने फ्रँकफुर्टला भाषण केले त्याच वर्षी, म्हणजे १९१२ च्या फेब्रुवारीत, कॅप्टन स्कॉट आणि त्याचे सोबती दक्षिण ध्रुवाहून परत येत होते. अन्न संपत आले होते, अंगात त्राण नव्हते, तरी वाटेत गोळा केलेले सुमारे सोळा किलो दगड त्यांनी टाकले नाहीत. पुढे ते सर्व बर्फात मरण पावले. त्यांचा तंबू सापडला, तेव्हा ते दगडही सापडले, आणि त्यांत ग्लॉसोप्टेरिसची पाने निघाली. जिथे आज गवताची काडीही क्वचितच उगवते त्या अंटार्क्टिकावर एके काळी रान होते, आणि ते आपल्या चंद्रपूरच्या रानाचे सोयरे होते.

तिसरा पुरावा त्याहून चमत्कारिक आहे, आणि तोही चंद्रपूरचाच. चंद्रपूरचा उन्हाळा आपणां सर्वांस ठाऊक आहे. तिथे पारा ४७ अंशांवर जातो. त्याच जिल्ह्यात इरई येथे चुनखडीच्या जुन्या खडकावर लांबलचक समांतर ओरखडे आहेत. त्यांची नोंद १८७५ सालीच झाली. असे ओरखडे कशाने पडतात? डोंगराएवढी हिमनदी तळाशी अडकलेले दगडगोटे घेऊन खडकावरून घासत जाते तेव्हा. सुमारे तीस कोटी वर्षांपूर्वी चंद्रपूरवर बर्फ होते! तशाच खुणा त्याच काळातल्या दक्षिण आफ्रिका, ऑस्ट्रेलिया आणि दक्षिण अमेरिका येथेही आहेत. आता हे देश आज आहेत तिथेच तेव्हा होते असे मानले, तर विषुववृत्ताच्या दोन्ही बाजूंना बर्फ पसरले होते असे म्हणावे लागेल. वेगेनरने सांगितले की, हे सर्व तुकडे दक्षिण ध्रुवाभोवती एकत्र ठेवून पाहा. तसे ठेवले की बर्फाच्या खुणा एका ठिकाणी गोळा होतात. फाटलेल्या वर्तमानपत्राचे तुकडे जुळवल्यावर ओळी सलग वाचता येतात, तसे हे झाले.

एवढे असून विद्वानांनी ते मानले का नाही? त्यांनी विचारले, "सरकवले कोणी?" वेगेनरने दोन कारणे सुचवली. एक, पृथ्वीच्या फिरण्यामुळे खंडांना ध्रुवापासून दूर ढकलणारे बळ; आणि दुसरे, चंद्रसूर्याची ओढ. केंब्रिजचे हॅरल्ड जेफ्रीज यांनी गणित करून दाखवले की, ही बळे अतिशय क्षुल्लक आहेत, त्यांनी खंड हलणार नाही. गणित बरोबर होते. वेगेनरची आणखीही एक चूक झाली. ग्रीनलंड वर्षाला कित्येक मीटर सरकते असे त्याने जुन्या मोजमापांवरून सांगितले. ती मोजमापेच सदोष होती. १९२६ साली न्यूयॉर्क येथे या विषयावर परिषद भरली आणि तिथे त्याच्या मतावर टीकेचा भडिमार झाला. पुष्कळांचा सूर असा की, हवामानवाल्याने आमच्या शेतात येऊ नये.

श्रोतेहो, येथे मला आमची भेग आठवते. सरकण्याची तक्रार खरी होती, पण सांगितलेले कारण चुकीचे होते. टीकाकारांनी कारण खोडले ते योग्यच केले. परंतु कारण खोडल्याने पुरावा खोडला जातो अशी समजूत त्यांनी करून घेतली. ओरखडे तर चंद्रपूरच्या खडकावर तसेच होते.

वेगेनरचा शेवट ग्रीनलंडच्या बर्फात झाला. १९३० च्या हिवाळ्यात हिमपठाराच्या मध्यावर असलेल्या आपल्या सहकाऱ्यांना रसद पोहोचवण्यासाठी जाऊन तो परत निघाला. बरोबर रास्मुस व्हिलुमसेन हा तरुण ग्रीनलंडवासी होता. दोघेही परतले नाहीत. पुढच्या मे महिन्यात वेगेनरचा देह सापडला. व्हिलुमसेनने तो नीट शिवून, काठ्यांची खूण रोवून पुरला होता. त्यानंतर तो एकटा पुढे निघाला आणि कायमचा नाहीसा झाला. वेगेनरचे वय पन्नास होते. त्याचे चरित्र बहुतेकांना ठाऊक असते, व्हिलुमसेनचे नाव फारसे कोणी घेत नाही. म्हणून ते मी मुद्दाम घेतो.

योग्य कारणाची दिशा मात्र वेगेनरच्या हयातीतच कोणी दाखवली होती. आर्थर होम्स या इंग्रज शास्त्रज्ञाने १९२८ च्या सुमारास सांगितले की, पृथ्वीच्या पोटातला खडक उष्णतेने अतिशय सावकाश फिरतो आहे. आधणाच्या पातेल्यात तळचे तापलेले पाणी वर येते, बाजूला सरते, निवते आणि पुन्हा खाली जाते, तसेच हे. घन खडक वाहतो कसा, असा प्रश्न कोणीही विचारील. डांबराचा गोळा आठवा. हातोडा मारला तर त्याच्या ठिकऱ्या उडतात. पण तोच गोळा महिनाभर तसाच ठेवला तर हळूहळू पसरतो. पृथ्वीच्या पोटातला तापलेला खडक तसा आहे. वेळ पुरेसा दिला तर घन पदार्थही वाहतो. परंतु होम्सपाशी हे दाखवण्याचे साधन नव्हते. साक्षीदार समुद्राच्या तळाशी दडलेला होता.

तो साक्षीदार युद्धाने वर आणला. पाणबुड्या शोधण्यासाठी प्रतिध्वनीवरून खोली मोजणारी यंत्रे जहाजांवर बसली, आणि युद्धानंतर समुद्रतळाची मोजदाद सुरू झाली. अमेरिकेत मेरी थार्प नावाची एक बाई या मोजणीचे आकडे कागदावर उतरवण्याचे काम करी. त्या वेळी संशोधन-जहाजावर स्त्रियांना घेत नसत. पुरुष समुद्रावरून आकडे आणीत आणि ही टेबलाशी बसून नकाशा काढी. १९५२ साली तिच्या ध्यानात आले की, अटलांटिकच्या तळाशी मधोमध जी डोंगररांग आहे, तिच्या माथ्यावर सलग एक खोल दरी आहे. जमीन दोन बाजूंना ओढली जाऊन फाटावी तशी ती दरी होती. तिचे सहकारी ब्रूस हीझेन यांनी प्रथम ते बायकी बडबड म्हणून उडवून लावले. त्याच सुमारास शेजारच्या टेबलावर भूकंपांच्या जागा नकाशावर मांडण्याचे काम चालले होते. दोन्ही नकाशे एकावर एक ठेवले तेव्हा भूकंपांचे ठिपके नेमके त्या दरीतून गेले. मग हीझेनही वळले. पुढे कळले की, ही डोंगररांग एकट्या अटलांटिकमध्ये नाही. ती साऱ्या महासागरांतून सुमारे ६५,००० किलोमीटर फिरते. आपल्या अरबी समुद्राच्या दक्षिणेलाही तिची एक शाखा आहे; तिला कार्ल्सबर्ग रांग म्हणतात.

१९६२ साली हॅरी हेस या प्राध्यापकाने या सर्वांचा अर्थ लावला. तो युद्धात आरमारी जहाजाचा कप्तान होता आणि सैनिक पोहोचवता पोहोचवता समुद्राची खोली मोजून घेत असे. त्याचे म्हणणे थोडक्यात असे. मधल्या दरीतून तप्त शिलारस वर येतो, थिजतो आणि नवा समुद्रतळ तयार होतो. तो दोन्ही बाजूंना सरकत जातो, आणि दूर कुठे तरी खोल चरांत पुन्हा पृथ्वीच्या पोटात बुडतो. खंडे समुद्रातून जहाजांसारखी वाट काढीत जात नाहीत. ती त्या सरकत्या पट्ट्यावर बसून जातात.

हे खरे कशावरून? येथे आपला काळा पाषाण साक्षीला येतो. शिलारस थिजताना त्यातल्या लोहयुक्त कणांवर पृथ्वीच्या चुंबकत्वाची दिशा कायमची उमटते. होकायंत्राचा काटा त्या क्षणी गोठवून ठेवावा तसे होते. विषुववृत्तापाशी ही दिशा आडवी असते, ध्रुवाकडे जावे तशी कलत जाते. म्हणून दगडाला विचारता येते, "तू थिजलास तेव्हा कुठे होतास?" १९५० नंतरच्या काही वर्षांत इंग्लंडमधील शास्त्रज्ञांनी दख्खनच्या पाषाणाचे नमुने नेऊन हा प्रश्न विचारला. दगडाने उत्तर दिले की, विषुववृत्ताच्या दक्षिणेला. सुमारे सहा कोटी साठ लाख वर्षांपूर्वी सह्याद्रीचा हा पाषाण ओतला गेला, तेव्हा ही भूमी आज दक्षिण आफ्रिकेतले डर्बन शहर ज्या अक्षांशावर आहे साधारण त्याच अक्षांशावर होती. तिथून इथवर पाच हजार किलोमीटरांहून अधिक प्रवास झाला. हिशेब केला तर वर्षाला सरासरी आठ सेंटिमीटर पडतात. रायगड आणि सिंहगड ज्या कातळावर उभे आहेत, त्याने विषुववृत्त ओलांडलेले आहे.

दुसरी साक्ष त्याहून निर्णायक ठरली. पृथ्वीचे चुंबकत्व मधूनमधून उलटे होते. उत्तरेचे दक्षिण होते. अलीकडचे असे उलटणे सुमारे पावणेआठ लाख वर्षांपूर्वी झाले. आता हेसचे म्हणणे खरे असेल, तर मधल्या दरीच्या दोन्ही अंगांना सुलट्या आणि उलट्या चुंबकत्वाचे पट्टे लुगड्याच्या दोन काठांसारखे जुळले पाहिजेत. केंब्रिजचा चोवीस वर्षांचा विद्यार्थी फ्रेड व्हाइन आणि त्याचे मार्गदर्शक ड्रमंड मॅथ्यूज यांनी १९६३ साली हे मांडले. त्यांची मोजमापे कुठली होती? मघाशी सांगितलेल्या, आपल्याच समुद्रातल्या कार्ल्सबर्ग रांगेवरची! कॅनडाच्या लॉरेन्स मॉर्ली यांनाही हीच कल्पना स्वतंत्रपणे सुचली होती. त्यांचा लेख दोन नियतकालिकांनी साभार परत केला. पुढे १९६८ साली संशोधन-जहाजाने समुद्रतळाला भोके पाडून गाळाचे वय काढले. मधल्या रांगेपासून जितके दूर जावे तितका तळ जुना निघाला. गवंड्याची काच तडकली ती येथे.

१९६७ आणि १९६८ या दोन वर्षांत मॅकेन्झी, पार्कर, मॉर्गन, ल पिशाँ अशा तरुण मंडळींनी सर्व धागे एकत्र विणले, आणि 'भूपट्टां'चा सिद्धांत उभा राहिला. तो असा. पृथ्वीचे वरचे, सुमारे शंभर किलोमीटर जाडीचे कठीण कवच अखंड नाही. त्याची सात मोठी आणि अनेक लहान शकले आहेत. त्यांना भूपट्ट म्हणतात. ती खालच्या तापलेल्या, मऊ थरावर सरकतात. सरकण्याचा वेग वर्षाला काही सेंटिमीटर, म्हणजे आपली नखे वाढतात साधारण तेवढा. काही कडांवर पट्ट एकमेकांपासून दूर जातात, काही ठिकाणी एक दुसऱ्याखाली बुडतो, तर काही ठिकाणी ते एकमेकांना घासून जातात. जगातले बहुतेक भूकंप आणि ज्वालामुखी या कडांवरच आहेत.

आणि ढकलणारा कोण? दोरीवर ओले धोतर वाळत घालताना एक टोक जास्त खाली गेले, तर त्या टोकाच्या वजनाने सारे धोतर सरकत जाते. समुद्रतळ जसजसा जुना होतो तसतसा थंड आणि जड होतो. त्याची कड पृथ्वीच्या पोटात बुडू लागली की, तिचे वजन मागच्या सबंध पट्टाला ओढते. ही ओढ सर्वांत मोठी. मधल्या उंच रांगेवरून खाली घसरण्याचा रेटा तिला साहाय्य करतो. होम्सने सांगितलेल्या आतल्या फिरण्याचाच हा वरचा भाग आहे, आणि त्याला लागणारी उष्णता पृथ्वीची मूळची, तशीच किरणोत्सर्गी द्रव्यांपासून निघणारी आहे.

नवे मत सर्वांनी लगेच मानले असे नाही. जेफ्रीज अखेरपर्यंत बधले नाहीत. आमच्या चळवळीतली जुनी माणसे ज्या सोव्हिएत संघाच्या विज्ञानाकडे आदराने पाहत, तिथले नामांकित भूवैज्ञानिक बेलोउसोव्ह हेही शेवटपर्यंत विरोधात राहिले. हे मी लपवून ठेवीत नाही. हट्ट कोणत्याही झेंड्याखाली वाढतो, आमच्याही.

आता आपल्या घरी येऊ. भारताचा पट्ट आफ्रिकेपासून, मग मादागास्करपासून सुटा झाला, विषुववृत्त ओलांडून आला आणि सुमारे पाच कोटी वर्षांपूर्वी आशियावर आदळला. मधल्या समुद्राचा गाळ दुमडून वर गेला तो हिमालय. एव्हरेस्टच्या माथ्यावर सागरी जीवांचे अवशेष असलेली चुनखडी आहे. ही टक्कर अजून संपलेली नाही. बंगळूर, हैदराबाद येथील स्थानकांवर उपग्रहांच्या साहाय्याने मोजणी होते. तिच्यावरून दिसते की, आपण सारे वर्षाला सुमारे पाच सेंटिमीटर ईशान्येकडे जात आहोत. त्यातला जवळजवळ दोन सेंटिमीटरांचा रेटा दरवर्षी हिमालयाच्या अंगात साचतो आणि कधी तरी एकदम सुटतो. २०१५ साली नेपाळात सुटला. पूर्वेला हाच पट्ट दुसऱ्याखाली बुडतो. २६ डिसेंबर २००४ रोजी तिथली कड सुमात्रापासून अंदमानपर्यंत सुमारे तेराशे किलोमीटर सुटली. त्या लाटेत सव्वादोन लाखांहून अधिक माणसे गेली.

पण किल्लारी तर कडेवर नाही. ती पट्टाच्या पोटात आहे. कोयनाही तशीच. ११ डिसेंबर १९६७ रोजी पहाटे कोयनानगरला भूकंप झाला आणि सुमारे १८० माणसे दगावली. त्यापूर्वी दख्खनचे पठार म्हणजे अचल भूमी, असेच सर्वत्र मानले जाई. मॅकेन्झी आणि पार्कर यांचा भूपट्टांवरचा लेख छापून आला तोही त्याच महिन्यात, ३० डिसेंबरला. तिकडे विद्वान म्हणत होते की, पट्ट आतून कडक असतो. ते बव्हंशी खरेही आहे. पण टेबलाच्या कडेला जोर लावला तर टेबलातली जुनी चीरही कुरकुरते. हिमालयापाशी अडलेल्या पट्टाच्या अंगात ताण आहे. जिथे जुनी दुखरी जागा असेल तिथे तो सुटतो. कोयनेला धरणाचे पाणी साठल्यावर धक्के सुरू झाले, आणि पाण्याने हा ताण सुटायला निमित्त मिळते असे आज शास्त्रज्ञ मानतात. अलीकडे तिथे गोठणे येथे सुमारे तीन किलोमीटर खोल छिद्र घेऊन आतला खडक तपासला आहे.

किल्लारी भागात १९९२ सालीही धक्के बसले होते. गावकऱ्यांना ते जाणवले होते. त्यावरून पुढच्या वर्षीचा भूकंप कोणाला सांगता आला असता, असे मी म्हणत नाही. भूकंपाचा दिवस आणि तास सांगणारे शास्त्र आजही नाही, आणि कोणी तसे सांगू लागला तर त्याला दारात उभे करू नका. पण जमीन हलू शकते हे कळल्यावर, भिंती कशा असाव्यात हे तर ठरवता येते! मी ढिगाऱ्यात जे पाहिले ते हे: दगडामातीच्या जाड भिंती, वर धाब्याचे मातीचे जड छप्पर, आणि दगडांना दगडांशी बांधणारे काही नाही. भूपट्ट कोणाच्या अंगावर पडला नाही, भिंती पडल्या. दगडांच्या भिंतीला ठरावीक अंतरावर आडवा बांध घालणे, कोपरे एकमेकांत गुंतवणे, डोक्यावरचे ओझे हलके करणे, ही कामे गवंड्याला येतात. त्यांना पैसा लागतो आणि कोणी तरी आग्रह धरावा लागतो. गेल्या कित्येक वर्षांत मी वसाहतींच्या घरबांधणीच्या वाटाघाटींना बसलो, तेव्हा भाड्याच्या आकड्याआधी हे कलम मांडत आलो आहे. काही वेळा ते मान्य झाले, काही वेळा हसण्यावारी गेले.

त्या म्हातारीला आज काय सांगितले असते? "आई, आपली भुई फार दुरून आली आहे. समोर मोठी जमीन आडवी आली म्हणून अडली आहे, तरी मागचा रेटा थांबत नाही. तो रेटा आत साचला आणि तुझ्या गावाखाली सुटला. यात तुझे पाप नाही, गावाचेही नाही." एवढे सांगता आले असते तर तिची गेलेली माणसे परत आली नसती. पण 'आमचेच काही चुकले असेल' म्हणून तिथे बसलेली माणसे मी पाहिली आहेत. ते ओझे तरी उतरले असते.

आणि आपल्या सर्वांपुरते सांगायचे तर एवढेच. कोणी म्हणाला की भेग वाढते आहे, तर त्याला कारण विचारा, जरूर विचारा. पण कारण सांगता आले नाही म्हणून त्याला परत पाठवू नका. आधी काच लावा.